दोघांचं एकच तिकीट

डबलबेलला तिकीट निवडायला इतका वेळ लागला, की मागच्या रांगेतली दोन माणसं वैतागून दुसऱ्या खिडकीवर गेली आणि तिसऱ्याने खाकरून खाकरून स्वतःचाच घसा बसवून घेतला. पण डबलबेल जागचा हलला नाही. सारी हयात लोकांना तिकिटं फाडून देण्यात गेली. आता स्वतःसाठी घ्यायची वेळ आल्यावर काय डोळे मिटून घ्यायचं?

त्याचं खरं नाव बायकोशिवाय फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि अलीकडे बायकोलाही ते आठवेनासं झालं होतं. डबलबेल हे नाव डेपोतलं. एक घंटा म्हणजे थांब, दोन घंटा म्हणजे चल, हे सगळ्याच कंडक्टरांना ठाऊक असतं. पण हा पठ्ठ्या शेवटचं माणूस चढल्याशिवाय गाडी सोडायचा नाही. लांबून एखादी म्हातारी हात करत येताना दिसली, की ड्रायव्हर कितीही चरफडो, हा खाली उतरून उभा. सगळे आत गेले, मागे कोणी उरलं नाही अशी खात्री पटली, की पत्र्यावर तळहाताच्या दोन थापा मारायचा आणि हलत्या गाडीत सगळ्यांत शेवटी स्वतः चढायचा. पुढे तो निवृत्त झाला, केस गेले, गुडघे गेले, पण नाव काही गेलं नाही. आपणही त्याला अरे-तुरेच करू; त्याला त्याचा राग नाही.

"काका, तीनच दिवस राहणार ना?" खिडकीवरची बाई शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली. "मग पाहुण्यांचा पास घ्या. बस, ट्राम, मेट्रो, सगळं चालतं."

"विमानतळाची गाडी?"

"ती नाही चालत."

"मग सगळं कसं म्हणता?"

बाईने कपाळावरची बट मागे सारली. डबलबेलला विमानतळावर जायचंच नव्हतं, पण माणसाने नेमकं बोलावं, एवढंच त्याचं म्हणणं. त्याने काचेवर लावलेला दरांचा तक्ता पुन्हा वरपासून वाचायला घेतला. त्याच्या बाहीला धरून बायको उभी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होती.

"ही सगळी माणसं कुठे चाललीत?" तिने विचारलं.

"आपापल्या घरी."

"आणि आपण?"

"आपणही."

एकेरी तिकीट दर वेळी काढायचं, म्हणजे दर वेळी बायकोचा हात सोडून खिशात हात घालायचा. ते बाद. दोघांचे दोन पास घ्यावेत, तर बायकोच्या हातात आलेली कुठलीही चिठ्ठी-चपाटी ती पिळून पिळून तिची वात करून टाकते, ही तिची जन्माची खोड. तेही बाद. राहता राहिला जोडीपास. दोघांचं मिळून एक कार्ड. गेटवर एकदा टेकवलं की एक जण आत, पुन्हा टेकवलं की दुसरा आत. डबलबेलला हे फार आवडलं. ज्याने कोणी हा पास काढला असेल त्याचं लग्न बरं चाललं असावं, असं त्याला वाटून गेलं.

"पण दोघांनी कायम सोबत राहायचं हं," बाईने बजावलं. "एक जण सुटला, तर त्याच्याजवळ तिकीट नाही असंच धरतात. मग तुम्ही कितीही भांडा."

"बाई, तुमची ही मेट्रो कोणाच्या डोक्यातही नव्हती तेव्हापासून आम्ही सोबत आहोत," डबलबेल ऐटीत म्हणाला. "द्या जोडीपास."

या ऐटीमागे काय दडलं होतं ते सांगायला हवं. बायकोचं विसरणं गेली काही वर्षं चालूच होतं. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग शेजारणीचं नाव, इथवर सगळे हसण्यावारी नेत होते. गेल्या थंडीत मात्र ती पहाटे उठून नुसत्या स्लिपरवर बसथांब्यावर जाऊन बसली आणि दूधवाल्याने तिला घरी आणून सोडलं. तेव्हापासून शहरातली लेक हात धुऊन मागे लागली होती. तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर अशा माणसांना सांभाळणारं एक घर होतं. उजेडाच्या खोल्या, मागे बाग, बागेला बंद फाटक. तिथे एक खाट रिकामी होणार होती आणि लेकीने आईचं नाव देऊन ठेवलं होतं.

हे ऐकून डबलबेल फोनवर लेकीला जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. लेक मात्र त्याचीच. ती रडली, पण हटली नाही. शेवटी ठरलं ते असं, की शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे तीन दिवस तपासण्या आहेत, त्यासाठी दोघांनी यायचं. "तीन दिवस बघ तू," डबलबेल म्हणाला होता. "घर ते दवाखाना आणि दवाखाना ते घर, मी एकटा आणतो-नेतो. तुझी मोटार नको, जावयाची रजा नको. काही चुकलं तर तू म्हणशील ते."

"मी म्हणीन ते? नक्की, बाबा?"

"नक्की."

म्हणजे तीन दिवस पार पडले तर बायको घरी, त्याच्याजवळ. नाहीतर ती त्या बंद फाटकाच्या बागेत आणि तो रिकाम्या घरात. डबलबेलने आयुष्यात पैज अशी कधी लावली नव्हती. लावली ती ही.

पहिला दिवस झकास गेला. गेटवर कार्ड टेकवलं, बाजूला सरून बायकोला आधी आत घातलं, पुन्हा टेकवलं, मग तो. आधी ती, मग तो. मेट्रोत जागा होती, नंतरच्या ट्राममध्ये तर खिडकीची जागा मिळाली. मध्येच बायको दचकली आणि पदरचं काही हरवल्यासारखी मांडीवर, खिशात चाचपू लागली.

"माझं तिकीट?"

"माझ्याकडे आहे."

ती लगेच निवली आणि खिडकीबाहेर बघू लागली. हे वाक्य तिला मुरलेलं होतं. तरुणपणी ती हातमोजे शिवायच्या कारखान्यात होती आणि संध्याकाळी डबलबेलच्या बसने घरी जायची. दाराजवळची जागा, हातात तिकीट आणि बोटांना शिवणकामाची सवय. घर येईतो तिकिटाचा भुगा झालेला. एकदा तपासनीस चढला, आणि हिच्या तळहातावर नुसता कोंडा. ती रडकुंडीला आली. तेव्हा मागून तरुण डबलबेल म्हणाला, "त्यांचं तिकीट माझ्याकडे आहे." दुसऱ्या दिवसापासून तो तिचं तिकीट फाडून स्वतःच्या वरच्या खिशात ठेवू लागला. कोणी विचारलं तर ती मान वर करून सांगायची, "माझं तिकीट कंडक्टरकडे आहे." सगळी बस गालातल्या गालात हसायची. ड्रायव्हर तर म्हणालाच, "लग्नाची पत्रिकाही त्याच खिशात ठेव, नाहीतर तिचीही वात होईल."

त्या संध्याकाळी लेकीच्या घरी डबलबेलची छाती दोन इंच फुगलेली. जेवताना त्याने कुठे चढलो, कुठे बदललो, कुठल्या दाराने उतरलं की जिना जवळ पडतो, हे जावयाला इतकं सांगितलं, की या शहरात जन्मलेला जावई पाहुण्यासारखा ऐकत बसला. लेक आईला घास भरवत होती. मग तिने आईच्या स्वेटरला एक लहानसं कार्ड सेफ्टी पिनेने लावलं. त्यावर नाव, पत्ता, स्वतःचा फोन नंबर.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक कामावर गेल्यावर डबलबेलने बायकोला तयार केलं. केस विंचरले. राखाडी स्वेटरची बटणं खालून वर लावत आला. मधलं एक बटण तपकिरी होतं, हरवलेल्याच्या जागी त्याने स्वतःच शिवलेलं. मग ते कार्ड दिसलं, आणि त्याचं डोकं फिरलं.

"पार्सलला चिठ्ठी लावतात," तो म्हणाला. "माझी बायको काय पार्सल आहे? मी आहे ना बरोबर?"

त्याने पीन काढली आणि पिनेसकट कार्ड आपल्या खिशात कोंबलं. संध्याकाळी लेक यायच्या आत परत लावू, म्हणजे तिलाही बरं वाटेल. अशी ही त्याची हुशारी.

त्या दिवशी ट्रामचा मार्ग दुरुस्तीला बंद होता, त्यामुळे ट्रामची सगळी माणसं मेट्रोत लोटली होती. फलाटावर मुंगी शिरायला जागा नाही. डबलबेलने बायकोचा हात घट्ट धरला होता. गाडी आली, दारं उघडली, त्याने तिला आत चढवलं आणि तिच्या मागोमाग पाय उचलणार, तोच मागच्या बाबागाडीचं चाक फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीत अडकलं. बाबागाडीतलं पोर किंचाळलं. त्याची आई दोन्ही हातांनी ओढतेय, चाक निघत नाही.

आता तुम्ही-आम्ही असतो तर आधी आत शिरलो असतो. पण डबलबेल मागे फिरला. बायकोचा हात सोडला, खाली वाकून चाक मोकळं केलं, बाबागाडी उचलून आत ठेवली, त्या बाईला आत घेतलं, तिच्यामागे काठी टेकत आलेल्या एका गृहस्थाला हात दिला. आणि हे करता करता त्याच्या तोंडून आपोआप तो जुना आवाज निघाला: "चला, चला, आत सरका! पुढे सरकत राहा, आत भरपूर जागा आहे!"

हा आवाज बायकोने संसाराच्या आधीपासून ऐकलेला. ती निमूट पुढे सरकली. गर्दीतून पार पलीकडच्या दारापर्यंत सरकली.

डबलबेलने फलाटावर नजर टाकली. मागे कोणी उरलं नव्हतं. समाधानाने त्याने डब्याच्या पत्र्यावर तळहाताच्या दोन थापा मारल्या आणि हलत्या गाडीत चढायला पाय उचलला. समोर मिटलेल्या दाराची काच आली.

दारं बंद व्हायची वेळ झालीच होती, त्याच्या थापांशी त्यांचा काही संबंध नव्हता, हे कोणीही सांगेल. डबलबेलला नाही सांगता येणार. त्याच्या मते त्याने स्वतःच्या हाताने डबल बेल देऊन बायकोची गाडी सोडली.

माणसांच्या खांद्यांमधून क्षणभर ती दिसली. ती घाबरली नव्हती. खिडकीबाहेरच्या एखाद्या भल्या अनोळखी माणसाला करावा तसा तिने त्याला हात केला. त्या हात करण्यानेच त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो काचेवर मुठी आपटत गाडीबरोबर धावला, गुडघ्याने दगा दिला, तो खांबाला धडकला आणि गाडी बोगद्यात शिरली.

पिवळ्या जाकिटातला फलाटरक्षक धावत आला. "काका, मरायचंय का? पुढची गाडी लगेच येते!"

"माझी बायको आहे त्यात!"

"मग पुढच्या स्टेशनला उतरतील त्या. तुम्ही मागच्या गाडीने..."

"ती नाही उतरणार. तिला आठवत नाही काही. कुठे जायचं आठवत नाही. मी कोण ते आठवत नाही!" हे वाक्य डबलबेलने आजवर कोणापुढे उच्चारलं नव्हतं. डॉक्टरांपुढेही त्याने "थोडं विसरते" एवढंच म्हटलं होतं.

रक्षकाचा चेहरा बदलला. त्याने कमरेचं यंत्र तोंडाशी धरलं. "फोन आहे त्यांच्याकडे? नाव-पत्ता लिहिलेलं काही?"

डबलबेलने नकारार्थी मान हलवली.

"नावाने पुकारा करू का स्टेशनांवर?"

"नावाला ओ देईलच असं नाही."

"मग कशाला ओ देतात त्या?"

"'पुढे सरका' म्हटलं की सरकते," डबलबेल म्हणाला आणि तोंड फिरवून उभा राहिला.

रक्षकाने राखाडी स्वेटर, तपकिरी बटण, पांढरे केस, सगळं यंत्रात सांगितलं. डबलबेलचा नंबर घेतला. मग विचारलं, "या शहरात कोणी आहे तुमचं?"

लेक दहा मिनिटांच्या अंतरावर होती. तिला कळवलं असतं तर ती धावत आली असती, पोलिसांना फोन केले असते, जावयाने मोटार काढली असती. पण तिला कळवणं म्हणजे पैज हरणं, आणि पैज हरणं म्हणजे बंद फाटक. डबलबेलच्या डोळ्यांपुढे ते फाटक उभं राहिलं.

"कोणी नाही," तो म्हणाला. असा खोटा शब्द त्याने सरकारी नोकरीत कधी तोंडातून काढला नव्हता.

"तिकीट आहे त्यांच्याकडे?"

"तिकीट माझ्याकडे आहे. दोघांचं एकच आहे."

"मग एक बरंय," रक्षक म्हणाला. "तिकिटाशिवाय गेट उघडणार नाही. बाहेर रस्त्यावर जाणार नाहीत. म्हणजे, गर्दीत कोणाच्या मागोमाग निसटल्या नाहीत तर. तुम्ही इथेच थांबा, काका."

पण डबलबेल कसला थांबतो! पुढची गाडी येताच तो शिरला, आणि सगळ्यांच्या आधी, कोपरं मारत शिरला. दर स्टेशनवर उतरायचं, फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवायची, दारं मिटायच्या आत परत चढायचं. जन्मभर ज्याने बिनतिकीट माणसांचा पिच्छा पुरवला, तो आता मनातल्या मनात हात जोडत होता, की कोणीतरी पकडा हिला. चांगला खडूस तपासनीस भेटू दे. चारचौघांत अडवू दे, दंड मागू दे, बाकावर बसवून ठेवू दे. मग त्याला आठवलं, बिनतिकीट माणसाशी तपासनीस कुठल्या सुरात बोलतात. तो सूर त्याच्याही गळ्यात होता. त्या सुरात कोणी तिच्यावर खेकसलं तर ती काय करेल?

चौथ्या स्टेशनवर मार्गाला दोन फाटे फुटत होते. एक फाटा डावीकडच्या फलाटावरून नदीकडे, दुसरा उजवीकडच्या फलाटावरून कारखान्यांकडे. ती बसली होती ती गाडी कुठली होती? डबलबेलला माहीत नव्हतं. गाडीच्या पाटीवर काय लिहिलंय ते न वाचता माणूस चढवलं! शिकाऊ कंडक्टरसुद्धा करणार नाही अशी चूक. तो डावीकडे धावला, अर्ध्या वाटेवरून उजवीकडे आला, पुन्हा डावीकडे. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या तोंडाकडे तो असा बघत होता, की एकीने पर्स छातीशी धरली. राखाडी स्वेटर दिसला, धावला. ती कोणी दुसरीच. शेवटी दोन फलाटांच्या मधल्या पायरीवर तो मटकन खाली बसला.

घाम पुसायला खिशात हात घातला, तर बोटात पीन घुसली.

त्याने ते कार्ड बाहेर काढलं. नाव. पत्ता. फोन नंबर. सगळं सुवाच्य अक्षरात, लेकीच्या. तेवढं जर सकाळी तिथेच राहू दिलं असतं, जिथे ते होतं! डबलबेल रडू लागला. भर फलाटावर, टोपी हातात घेऊन, ढसाढसा. लोक बाजूने वाट काढून जात होते. मग त्याने रडत रडतच कार्डावरचा नंबर फिरवला. तोंडपाठ होता, तरी एकेक आकडा बघून फिरवला.

"आई हरवली," तो म्हणाला.

लेक म्हणाली, "कार्ड आहे ना तिच्या स्वेटरला?"

"मी काढलं."

तो शिव्या ऐकायच्या तयारीने बसला होता. पण लेकीने नुसता एक श्वास घेतला आणि हळू विचारलं, "तुम्ही कुठे आहात, बाबा?" त्याने स्टेशन सांगितलं. "तिथेच बसा. कुठेही जाऊ नका. मी येते."

हरवलेल्या माणसाला जसं सांगतात, अगदी तसंच तिने त्याला सांगितलं. डबलबेलच्या ते लक्षात आलं, आणि तो तिथेच बसून राहिला.

लेक जिना उतरून आली तेव्हाच त्याचा फोन वाजला. पिवळ्या जाकिटवाला होता. "काका, मिळाल्या! नदीकडच्या शेवटच्या स्टेशनवर. सुखरूप आहेत. पण गाडीतून उतरायला तयार नाहीत."

लेकीने बापाचा हात धरला. वाटभर तिने तो सोडला नाही.

शेवटच्या स्टेशनवर एक रिकामी गाडी दारं उघडी टाकून उभी होती. आत दाराजवळच्या जागेवर बायको ताठ बसलेली, मांडीवर हात. समोर एक तरुण तपासनीस मुलगी उकिडवी बसून तिची समजूत घालत होती. खडूस वगैरे काही नव्हती. तिने स्वतःचं जाकीट काढून बायकोच्या गुडघ्यांवर टाकलं होतं.

"केव्हापासून एकच म्हणतायत," ती पोरगी म्हणाली. "'माझं तिकीट कंडक्टरकडे आहे. तो आल्याशिवाय मी उतरणार नाही.' मी म्हटलं, आजी, आमच्याकडे कंडक्टर नसतो. तर माझ्यावरच रागावल्या."

डबलबेल पुढे झाला. गुडघे बोंबलत होते तरी तिच्यापुढे खाली बसला. "अगं, आलो मी. हा बघ, मी आलो."

बायकोने त्याच्याकडे निरखून पाहिलं. टक्कल, भिजलेल्या मिशा, लाल डोळे. तिने जरा संकोचून गुडघे आवरून घेतले.

"तुम्ही कोण?"

"मी. मीच कंडक्टर."

"नाही हो," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "तो तरुण आहे. आणि तो असा रडत नाही."

लग्नाची, घराची, लेकीची, कशाची म्हणून साक्ष काढावी? लेक मागे उभी होती, तिने तोंडावर हात दाबून धरला होता. मग डबलबेलने बाहीने डोळे पुसले, वरच्या खिशातून जोडीपास काढला आणि तिच्यापुढे धरला.

"त्यानेच पाठवलंय मला," तो म्हणाला. "हे तुमचं तिकीट. जपून न्यायला सांगितलंय तुम्हाला."

तिने पास हातात घेतला, उलटसुलट पाहिला. तिचा चेहरा सैल झाला. "तो का नाही आला?"

"ड्युटी संपली त्याची."

"बरा आहे ना?"

"बरा आहे."

"दमला असेल."

"हो," डबलबेल म्हणाला. "फार दमलाय."

"मग त्याला सांगा, आता जरा बसावं त्याने. दिवसभर उभाच असतो." एवढं म्हणून ती उठली आणि परक्या माणसाच्या आधाराने उतरावं तशी त्याच्या खांद्याला हात लावून फलाटावर उतरली.

डबलबेल खालीच बसून राहिला. लेकीने त्याला उठवायला हात पुढे केला. तो हात धरून, पण न उठता, त्याने विचारलं, "ती खाट रिकामी आहे अजून?"

लेक रडत रडत हो म्हणाली. पैज जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर कुठेही नव्हता.

काही दिवसांनी, दुपारच्या वेळी, तिकिटाच्या त्याच खिडकीवर डबलबेल उभा राहिला. या वेळी मागे रांग नव्हती. बाईने त्याला ओळखलं. न ओळखून सांगते कोणाला!

"काका, अजून इथेच? तीन दिवसांसाठी आला होतात ना? जोडीपासच देऊ ना पुन्हा?"

"नाही," डबलबेल म्हणाला. "आता रोज गावाहून येणं-जाणं आहे. महिन्याचा द्या. एकाचा."

"कुठल्या वेळेचा? सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत चालणारा निराळा असतो."

"दुपारचा. भेटायची वेळ दुपारची आहे."

बाईने पास पुढे सरकवला. डबलबेलने तक्ता वाचला नाही, विमानतळाची चौकशी केली नाही. पास घेतला, वरच्या खिशात ठेवला, गेटपाशी गेला, खिशातून काढून टेकवला. गेट उघडलं. आणि तो सवयीने बाजूला सरून उभा राहिला.

आत कोणीच गेलं नाही. गेट मिटलं. त्याने पुन्हा पास टेकवला, तर लाल दिवा लागला आणि यंत्र किंचाळलं. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल.

बाजूच्या फाटकातला रक्षक उठून आला. त्याने पास हातात घेऊन पाहिला आणि किल्लीने बाजूचं फाटक उघडलं.

"काका, हा एकाचा पास आहे," तो म्हणाला. "गेट उघडलं की तुम्हीच जायचं. चला, पुढे सरका."

डबलबेल पुढे सरकला.